मागे धरलेले हात

तोक्योत नव्यानं आलेल्या भारतीय माणसाला ऑफिसातलं कुणी ना कुणी नाकामुरायात करी खायला घेऊन जातंच. शिंजुकू स्टेशनाच्या पूर्वेकडून बाहेर पडलं की जवळच ही जुनी बेकरी आहे. १९२७ पासून तिथं भारतीय पद्धतीची करी मिळते आणि ती रासबिहारी बोसांमुळे सुरू झाली, हे नेणारा माणूस मोठ्या कौतुकानं सांगतो. व्हाइसरॉय हार्डिंजवरच्या बाँबहल्ल्यात हवे असलेले बोस १९१५ साली जपानला आले. इंग्रजांच्या दबावानं त्यांना देशाबाहेर घालवायचा हुकूम निघाला, तेव्हा या बेकरीच्या मालकांनी, सोमा आइझो आणि सोमा कोक्को या नवराबायकोनं, त्यांना मागच्या अंगणातल्या स्टुडिओत लपवून ठेवलं. पुढे १९१८ मध्ये आपली थोरली मुलगी तोशिको त्यांना दिली. ती बिचारी १९२५ मध्ये गेली. करी त्यानंतरची. चव विचाराल तर ठीक. कोंबडी हाडासकट घालतात म्हणून एक गुण जास्त, मसाल्यासाठी दोन कमी.

माझ्या डोक्यात मात्र करीपेक्षा तो स्टुडिओ राहिला. पाव आणि क्रीमबन विकणाऱ्या दुकानामागे चित्रकारांनी राहावं असा स्टुडिओ कशाला? वाचत गेले तेव्हा कळलं की या जोडप्याभोवती चित्रकार, शिल्पकार, लेखक यांचा मोठा गोतावळा होता, आणि तो ज्याच्यामुळे जमायला लागला तो माणूस बोस येण्याच्या पाच वर्षं आधीच, याच बेकरीत रक्ताच्या उलट्या होऊन वारला होता. वय तीस. ओगिवारा मोरिए. शिल्पकार म्हणून लावलेलं नाव रोकुझान. त्याच्या गावी, नागानो प्रांतातल्या होताकाला, त्याचं संग्रहालय आहे.

मे महिन्यात आई आली होती. तिला मंदिरं दाखवून झाली, चेरीचा बहर तर आधीच संपलेला. मी म्हटलं, "आई, एका शिल्पकाराच्या गावाला जायचं का?" ती म्हणाली, "करमरकरांसारखं?" आईचं माहेर अलिबागकडचं. सासवण्याला नानासाहेब करमरकरांच्या घरातलं संग्रहालय तिनं लहानपणापासून पाहिलेलं. सिमेंटची म्हैस, कोळीण, बागेत मांडलेले पुतळे. शिल्पकाराचं संग्रहालय म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढे नारळाच्या झाडांखालची ती म्हैसच येते. मी हो म्हटलं.

शिंजुकूहून मात्सुमोतोपर्यंत वेगवान गाडी आणि तिथून ओइतो लाईनची छोटी गाडी. अर्ध्या तासाचा तो शेवटचा टप्पा मला फार आवडतो. भातखाचरांत पाणी सोडलेलं असतं आणि त्या पाण्यात पश्चिमेकडचे बर्फाचे डोंगर उलटे उभे असतात. त्यातला एक जोनेनदाके, २,८५७ मीटरचा. वसंतात त्याच्या उतारावरचं बर्फ वितळताना हातात मद्याची सुरई घेतलेल्या भिक्षूची आकृती दिसते असं इथले लोक मानतात, आणि ती दिसली की शेतीची कामं सुरू करायची. मी बराच वेळ शोधली. आईला लगेच दिसली. खरंच दिसली की मला चिडवायला म्हणाली, देव जाणे.

होताका स्टेशनचं छप्परच देवळासारखं आहे. बाहेर पडून चालू लागलं की रस्त्याकडेला दगडात कोरलेली जोडपी भेटतात. एक पुरुष, एक बाई, हातात हात घेऊन किंवा एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभी. हे दोसोजिन, वाटेचे आणि गावाच्या वेशीचे देव. आझुमिनोच्या या पट्ट्यात अशी शेकडो आहेत, बरीचशी गावातल्याच पाथरवटांनी घडवलेली. "आपल्याकडे एवढ्या मोकळेपणानं हात धरलेले देव नाहीत," आई म्हणाली. मग थोडं थांबून, "विठोबासुद्धा रुक्मिणीपासून लांबच उभा." ओगिवारावर लिहिणारे लोक रोदँ या फ्रेंच शिल्पकारापासून सुरुवात करतात. मला वाटतं, लहानपणी शेतावर जाता-येता हे दगडी हात रोज पाहणाऱ्या मुलाबद्दलही थोडं बोलायला हवं.

संग्रहालय एका शाळेला लागून आहे. लाल विटांची, वेलींनी झाकलेली, मनोरा असलेली छोटी इमारत. पहिल्यांदा पाहणाऱ्याला चर्चच वाटावं. ओगिवारा ख्रिस्ती झाला होता, ते मनात ठेवूनच ती तशी बांधली आहे. वास्तुकार इमाई केंजी. बार्सिलोनाच्या गाउदी या वास्तुकारानं भारावलेला आणि जपानला त्याची ओळख करून देणारा माणूस. इमारत मोठी करण्याचा मोह त्यानं टाळला, हे त्याचे उपकार. आत शिरल्यावर एका दमात सगळं दिसतं.

दाराशी कोरलेलं आहे की हे संग्रहालय २,९९,१०० हून अधिक माणसांच्या बळावर उभं राहिलं. १९५८ साली, ओगिवाराच्या मृत्यूच्या तारखेला, म्हणजे २२ एप्रिलला ते उघडलं. युद्धात हरून तेरा वर्षंही झाली नव्हती. पैसा सरकारी तिजोरीतून किंवा एखाद्या शेठजीकडून आला नाही. नागानोभरच्या शाळांतून शिक्षकांनी आणि मुलांनी वर्गणी काढली. तो जवळजवळ तीन लाखांचा आकडा बहुतांश शाळकरी मुलांचा आहे. वर्गणी हा प्रकार आपल्याला कुणी शिकवायला नको. विवेकानंद शिलास्मारकासाठी एकनाथ रानड्यांनी एकेक रुपया मागून देशभरच्या लोकांना त्यात ओढलं होतं. पण तिथं विवेकानंद होते, इथं कोण? तीस वर्षांचा होऊन मेलेला, पंधराएक शिल्पं मागे ठेवलेला, शेतकऱ्याचा पाचवा मुलगा. आठवीतल्या मुलानं खाऊचे पैसे त्याच्यासाठी का द्यावेत? मला यावर एकच उत्तर सुचतं. मास्तरांनी मागितले म्हणून. आणि मास्तरांना हे महत्त्वाचं वाटत होतं. ज्या प्रांतातल्या शिक्षकांना एका मूर्तिकाराचं घर बांधावंसं वाटतं, तिथली शाळा कशी असेल, याचा विचार मी बराच वेळ करत होते. आपल्याकडच्या शाळेनं काढलेल्या वर्गण्या आठवून बघितल्या. गॅदरिंग, ध्वजनिधी, मुख्याध्यापकांचा निरोप समारंभ.

आता गोष्ट. ती टाळता येत नाही, कारण इथं येणारा प्रत्येक जण ती ऐकूनच येतो.

मोरिएचा जन्म १८७९ चा. मुलगा हुशार, पण पंधराच्या आसपास हृदयाचं दुखणं निघालं आणि शेतातल्या जड कामातून तो बाद झाला. १८९७ मध्ये गावातल्या सोमा घराण्यात सेंदाईहून सून आली, तीच कोक्को. शिकलेली, मिशन शाळांतून तयार झालेली, मोरिएपेक्षा तीन वर्षांनी मोठी. तिच्याबरोबर सासरी एक तैलचित्र आलं, तोक्योजवळच्या कामेइदोचा देखावा. ते भिंतीवर लागलं आणि त्या मुलानं पहिल्यांदा तैलरंग पाहिले. पांढरी छत्री घेऊन ती शेतातल्या वाटेनं यायची आणि तो पाहत राहायचा, असंही सांगतात. हे दृश्य सिनेमाला इतकं शोभणारं आहे की मला त्याचा संशयच येतो. तैलचित्राचा येत नाही. अठराव्या वर्षी बघितलेलं एक चित्र माणसाला घराबाहेर काढू शकतं.

तो घराबाहेर पडला. आधी तोक्यो, मग १९०१ मध्ये अमेरिका. न्यूयॉर्कमध्ये एका घरात घरगडी म्हणून राबायचं आणि उरलेल्या वेळात चित्रकलेच्या शाळेत जायचं. तिथून पॅरिस. १९०४ मध्ये रोदँचा 'विचारवंत' पाहिला आणि ठरवलं, चित्रकला पुरे, आता शिल्प. पुन्हा न्यूयॉर्क, पुन्हा पॅरिस, अकादमी जुलियाँ, रोदँची भेट. १९०७ मध्ये तिथं केलेला 'खाणकामगार' मित्र ताकामुरा कोतारोनं पाहिला आणि बजावलं, याचं प्लास्टर करून घेऊन हे जपानला ने. ताकामुराचे शब्द मानले नसते तर ती ओली माती तिथंच वाळून भुगा झाली असती. परतताना इटली, ग्रीस, इजिप्त. १९०८ मध्ये तो घरी आला. तोवर सोमा कुटुंब गाव सोडून तोक्योत बेकरी चालवत होतं. मोरिएनं शिंजुकूत त्यांच्या जवळच स्टुडिओ थाटला.

कोक्कोचा संसार तेव्हा अडचणीत होता. नवऱ्याचं गावाकडे दुसऱ्या बाईशी जमलं होतं. मोरिएला ते कळलं आणि तो तिच्यात गुंतत गेला. ती संसार सोडून बाहेर पडली नाही. त्याच वर्षी त्यानं 'मोंगाकु' केला. दुसऱ्याच्या बायकोवर जीव जडला, तिच्या नवऱ्याला मारायला गेला आणि अंधारात तिचाच जीव घेऊन बसला, मग भिक्षू झाला, असा हा जुन्या कथेतला योद्धा. कामाकुराच्या देवळातली त्याची लाकडी मूर्ती पाहून मोरिए हलून गेला होता. पुढच्या वर्षी 'निराशा', जमिनीवर पालथी पडलेली, तोंड लपवलेली बाई. सरकारी वार्षिक प्रदर्शनात ती नाकारली गेली. आणि १९१० मध्ये 'स्त्री'. ती संपवली आणि एप्रिलमध्ये तो गेला. पुढे कोक्कोनं लिहून ठेवलं की तिच्या मुलांनी स्टुडिओत ती मूर्ती पाहिली आणि म्हणाली, ही तर आई. प्रत्यक्षात मूर्तीसमोर बसलेली मॉडेल वेगळीच होती, ओकादा मिदोरी तिचं नाव.

झाली गोष्ट. एवढी नेटकी आहे की त्यातून बाहेर पडायला जागा राहत नाही. संग्रहालयात फिरणाऱ्यांच्या चेहऱ्यावरून ते कळतं. 'मोंगाकु'पाशी मान हलते, 'निराशे'पाशी उसासा, 'स्त्री'पाशी कुजबुज. पुतळे म्हणजे एका प्रेमप्रकरणाचे पुरावे. 'प्रेम म्हणजे कला, संघर्ष म्हणजे सौंदर्य' असं त्याच्या नावावरचं एक वाक्य आहे, तेही या वाचनाला बळ देतं. मला ते वाक्य विशेष आवडत नाही. ज्या माणसाच्या बोटांना एवढं कळत होतं त्याचं म्हणून पोस्टरवर छापता येईल असं वाक्यच का उरावं?

'स्त्री' साधारण मीटरभर उंचीची आहे. गुडघ्यांवर बसलेली, उघडी, दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत धरलेले, आणि कंबरेपासून सगळं अंग पिळत वर निघालेलं. चेहरा आकाशाकडे. पाय मात्र खालच्या मातीत मिसळून गेलेत, कुठं पोटरी संपते आणि कुठं बैठक सुरू होते सांगता येत नाही. समोरून पाहिलं तर चेहराच दिसतो आणि मग आपण लगेच कोक्को, वेदना, आकांक्षा वगैरे म्हणायला लागतो. बाजूनं गेलं की ते शब्द गळून पडायला लागतात, कारण तिथं दिसतो तोल. एवढं अंग मागे हात बांधून वर उचलायचं तर पोट आत घ्यावं लागतं, मांड्या घट्ट होतात, मान ताणली जाते. त्यानं ते सगळं मोजूनमापून केलंय. दुःखी माणूस इतकं मोजत नाही, कारागीर मोजतो.

आई तिच्याभोवती दोनदा फिरली. आधी म्हणाली, "हिचे गुडघे दुखत असतील." आईचे स्वतःचे दुखतात. मग पाठीमागे जाऊन वाकून पाहू लागली.

"हात बांधलेत म्हणाली होतीस ना गं तू?"

"लिहिणारे तसंच म्हणतात. बंधनात अडकलेली स्त्री."

"दोरी कुठंय? तिनंच धरलेत. तिला सोडवायचे असते तर सोडवले असते."

मी मागे जाऊन पाहिलं. खरंच, एका हातानं दुसरा धरलेला, आपणहून. चित्रांतून, पुस्तकांतून ही मूर्ती बहुतेकदा पुढून किंवा तिरकी छापतात. पाठ पाहायला यावंच लागतं. आणि ती पाठ या खोलीतली सगळ्यात जिवंत गोष्ट आहे. कण्याची वळत गेलेली खाच, खांद्यांची पाती एकमेकांजवळ आलेली, त्यांच्यामध्ये अंगठ्यानं दाबून लावलेल्या मातीच्या चकत्या जशाच्या तशा. ब्राँझ नंतरचं आहे, ओतकाम दुसऱ्यांनी केलेलं. त्याच्या मातीवरून घेतलेलं मूळ प्लास्टर आता तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे आणि देशाची महत्त्वाची सांस्कृतिक संपत्ती म्हणून त्याची नोंद आहे. तरी ते अंगठे ब्राँझमध्येही पोचलेत.

आईच्या त्या वाक्यानं माझा कोक्कोकडे बघण्याचा डोळाही बदलला. गोष्टीत ती काय करते? छत्री घेऊन चालते, सहन करते, मूर्ती पाहून रडते. प्रत्यक्षात या बाईनं नवऱ्याबरोबर एक चालती बेकरी विकत घेतली, क्रीमबन काढला, दुकान शिंजुकूत हलवलं, मुलं वाढवली, काही गमावली. आणि मोरिए गेल्यावर पाच वर्षांनी, हद्दपारीचा हुकूम झालेल्या एका परक्या देशाच्या क्रांतिकारकाला पोलिसांच्या नाकावर टिच्चून घरात ठेवून घेतलं. बोस काही महिने त्या स्टुडिओत कोंडून होते, आणि तिला थोडंफार इंग्रजी येत असल्यामुळे बाहेरच्या जगाशी त्यांचा दुवा तीच होती. पुढे आंधळा रशियन कवी एरोशेन्को याच घरी येऊन राहिला. हे सगळं करणाऱ्या बाईला 'ओगिवाराची प्रेरणा' एवढ्यावर बसवणं मला अन्यायाचं वाटतं. तिला सोडून जाता येत होतं, राहायचं तिनं ठरवलं. हात तिचेच होते.

मोरिएची रोजनिशी कोक्कोनं जाळली असं सांगतात. मरायच्या आधी त्यानं टेबलाच्या खणाची किल्ली तिला दिली आणि तो गेल्यावर तिनं त्याच्या स्टुडिओतच ती वही आगीत घातली. कलेच्या इतिहासकारांना याची हळहळ वाटते. साहजिक आहे. मी हे आईला सांगितलं, तर ती पटकन म्हणाली, "बरं केलं." मलाही तसंच वाटतं, फक्त कारण वेगळं आहे. ती वही उरली असती तर हे पुतळे कुणी पाहिलेच नसते. वहीच्या पानांवरची चित्रं म्हणून ते उभे राहिले असते.

'मजूर' नावाचं एक शिल्प आहे, त्याला डावा हात नाही आणि पायही नाहीत. ते तुटलेलं नाही, त्यानंच तोडलेलं आहे. प्रदर्शनात ठेवून झाल्यावर समाधान वाटेना, म्हणून नको ते काढून टाकलं. लोकांनी स्वीकारलेल्या कामावर परत करवत चालवायला वेगळीच छाती लागते. त्यात प्रेमभंग शोधून सापडणार नाही. एक तिशीच्या आतला माणूस स्वतःच्या कामावर नाराज आहे, एवढंच.

आणि मग होजो तोराकिची. १९०९ चा छातीपर्यंतचा पुतळा. हा होजो टोप्यांच्या धंद्यातला माणूस. ना योद्धा, ना प्रेमी, ना कसलं प्रतीक. सांगून केलेलं व्यक्तिशिल्प. याचंही मूळ प्लास्टर महत्त्वाच्या सांस्कृतिक संपत्तीत गणलं जातं, आणि ते इथंच, याच गावात राहिलंय. 'स्त्री'पुढे लोक थांबतात आणि याला ओलांडून जातात. मी त्या दिवशी याच्यापुढे सगळ्यात जास्त वेळ होते. चेहऱ्यात कुठलाही प्रसंग घडत नाहीये. माणूस बसलाय, बसायला सांगितलंय म्हणून. दुकानाचा थोडा विचार चालला असेल. कपाळावर, गालांच्या हाडांवर माती अशी लावलीय की उजेड तिथं अडखळत उतरतो, गुळगुळीत कुठंच केलेलं नाही, तरी माणूस शांत वाटतो. रोदँकडून काय घ्यायचं आणि काय त्याच्याकडेच ठेवायचं, हे ज्याला कळलं त्याचं हे काम आहे. रोदँच्या माणसांना काहीतरी होत असतं. याला काहीच होत नाहीये, तो फक्त आहे. एवढं साधायला 'विचारवंत' पाहिल्यापासून पाचच वर्षं लागली, आणि वापरायला मिळालं पुढचं जेमतेम एक.

बाकीच्या दालनांत मित्रांची कामं आहेत. ताकामुरा कोतारो, तोबारी कोगान, नाकाहारा तेइजिरो. ती मी भरभर पाहिली, आणि त्याबद्दल मला फारशी खंत नाही. एका दिवसात डोळे जेवढं घेतात तेवढंच घेतात. ताकामुराचा तो वर उचललेला 'हात' मात्र थांबवतोच. पंजा, त्यातली करंगळीपर्यंतची ओढ. या मंडळींमध्ये हातांबद्दल काहीतरी बोलणं झालं असावं असं उगाच वाटून गेलं.

बाहेर शाळा सुटत होती. डोक्यावर पांढरी हेल्मेटं घातलेली मुलं सायकलींवरून निघाली होती. संग्रहालयाच्या कुंपणाकडे कुणी बघतही नव्हतं. शेजारीच असेल तर कोण बघतं? सासवण्याची पोरंही म्हशीच्या पाठीवर बसायला टपलेली असायची, आई सांगते, शिल्प म्हणून कोण पाहत होतं.

मात्सुमोतोची गाडी यायला वेळ होता. मी म्हटलं, आपण सोबा खाऊ या, इथला चांगला असतो. आई बाकावरून उठली आणि पुन्हा त्या विटांच्या इमारतीकडे चालायला लागली.

"काही राहिलं का आत?"

"नाही गं," ती न वळता म्हणाली, "त्या टोपीवाल्याला एकदा पाहून येते. मघाशी तूच पुढे उभी होतीस, मला दिसलाच नाही नीट."